चैत्याची दवंडी

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, आणि आज भाजी निवडता निवडता वाटलं, वराळे गावातली गोष्ट तुम्हाला सांगून टाकावी. शाळेत तुम्ही मला शिकवलंत, पुढे काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणारा जादूचा कंदील हातात देऊन गावोगाव लेण्यांवर बोलायलाही लावलंत. तुमच्यापासून मी एवढी एकच गोष्ट लपवली.

त्या फाल्गुनात तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. आधीच्या दोन गावांत ऐकायला चार म्हातारे आणि एक कुत्रं, एवढेच आले होते. तुमच्या चुलीपाशी बसून मी टिपणं घोकत होते, तर आतून तुम्ही म्हणालात, "पोपटपंची नको गं. आणि याही खेपेला कोणी आलं नाही, तर कंदील परत करू. लोकांना नको असेल, तर आपला अट्टहास कशाला?" तुमचा जीव त्या चित्रांच्या काचांत होता, हे मला ठाऊक होतं.

वराळ्यात पाहते तर देऊळ भरलेलं. दिवेलागण झालेली, बायका दाटीवाटीने बसलेल्या. मी हरखून कार्ल्याची कमान भिंतीवर दाखवते, 'चैत्य म्हणजे' अशी सुरुवात करते, तर पुढची मावशी विचारते, "ते ऱ्हाऊ दे, बाई, पन चैत्राचं कवा सांगनार? जत्रंत निवद कुनाचा, ते ठरवाया आलोय आमी." दवंडीवाल्याने चैत्याचा चैत्र केला होता. मी वही मिटली आणि सुचेल ते विचारलं, "एकवीरेला कोण कोण जाऊन आलंय?" सगळेच. मग देवीमागच्या लेण्यात हत्ती किती? "तीन हितं, तीन तितं," मावशी म्हणाल्या. केले कोणी? "पांडवांनी, एका रातीत." पांडवांना हसायचं नाही ही तुमची ताकीद, म्हणून मी हसले नाही. तेवढ्यात मागून एक सून पदर सावरत बोलली, "माज्या जात्याला टाकी लावायची तर पाथरवटाची सकाळ जाती. एवढं हत्ती एका रातीत कसं व्हतील?"

झालं, देवळात जुंपली. किती हात लागले असतील, किती पिढ्या, त्यांना भाकरी कोण घालत होतं? मी नुसत्या काचा बदलत राहिले, आणि माझा जीव भांड्यात पडला. निवदाचं त्या दिवशी ठरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "आलं का कोणी?" मी म्हटलं, "देऊळ भरलं होतं." तुम्ही डोळे मिटलेत. "मग कंदील राहू दे," म्हणालात, आणि पंधरा दिवसांत गेलात. कंदील माझ्याकडेच आहे, मी अजून बोलत फिरते. हा कागद कुठे जायचा नाही, तरी लिहून फार बरं वाटलं. लोक कशासाठी आले होते, ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आपण खोटं बोललो नाही, अशी मी इतकी वर्षं मनाची समजूत घातली. बाई, विचारलं असतंत, तर खोटंही बोलले असते.