धुराड्याची झडप

१२ ऑक्टोबर १९९१
“चुलीला पहिला घास दिल्याशिवाय आपल्यात कुणी जेवत नाही,” असं सासूबाई मला लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी म्हणाल्या होत्या. लंडनजवळच्या हॅरोच्या घरात गॅस. तिथे कुणाला घास देणार? आज केंब्रिजबाहेरच्या या छोट्या घरात राहायला आले आणि पुढच्या खोलीतली लोखंडी शेगडी पाहून हसूच आलं. काचेचं दार, मागून वर धुराड्यात गेलेला काळा पाइप. ह्यांना किती आवडली असती. निवृत्त झाल्यावर असंच घर घेऊ म्हणायचे. त्याआधीच गेले, मार्चमध्ये. वरणभात केला, तुपाचा घास निखाऱ्यांवर ठेवला आणि मग जेवले. ह्यांचा तपकिरी कोट दारामागे टांगलाय. त्याला अजून त्यांचा वास आहे.

२० ऑक्टोबर
शेगडी लाकडं नुसती गिळते. खालचं हवेचं दार पूर्ण मिटलं तरी ज्वाळा गुरगुरत वर धावतात, पाइप लालसर होतो, आणि खोली मात्र गार. सगळी ऊब धुराड्यातून जाते. फटींतून थंड हवा आत येते, पडदे शेगडीकडे झुकतात. मीनलचा बर्मिंगहॅमहून फोन आला. हॉस्पिटलच्या ड्युटीवरून दमून आली होती पोरगी. विचारत होती, मम्मी, तो धुराडं साफ केला का? मी ‘ते धुराडं’ म्हटलं, तर म्हणाली, घराला आग लागली तरी तू आधी माझी ग्रामर बघशील.
संध्याकाळी कोटाला नाक लावलं. वास कमी झालाय.

२६ ऑक्टोबर
धुराडी साफ करणारा डेनिस येऊन गेला. धुराडं घराच्या मानाने फार उंच आहे, म्हणून हवा इतक्या जोरात ओढतंय, म्हणाला. तुमच्याकडे मांजर नाही हे मांजराचं नशीब. धुराड्याच्या तोंडावरच्या जाळीत त्याला भाताची शितं सापडली. पांढरीशुभ्र, जरासुद्धा करपलेली नाहीत. इकडचे पक्षी हल्ली काय काय खातात, म्हणाला. ती माझ्याच घासातली होती. त्याने पाइपात झडप बसवून दिली. फिरवली की ओढ कमी होते. पूर्ण मिटायची मात्र कधीच नाही, विषारी वायू घरात साठेल आणि त्याचा वासही येत नाही, असं जाताना दारातून परत येऊन बजावलं.
कोटाला आता नुसता लोकरीचा वास. धुराड्याने त्यांचा तोही नेला.

३० ऑक्टोबर
झडप अर्धी मिटली. आग शांत, खोली पहिल्यांदाच उबदार. आज घास वर उडाला नाही. निखाऱ्यांवरच हळूहळू कमी होत गेला, कुणीतरी चावून खावा तसा.
मग पाइपात खोकला आला. त्यांचाच. सगळा संसार शेजारी ऐकलेला. मी घाबरले नाही, रडले. झडप उघडली तर खोकला वर वर जात विरून गेला. पुन्हा मिटली, आधीपेक्षा जास्त.

३ नोव्हेंबर
झडप पूर्ण मिटलीय. कोटाला वास आला परत.
डोकं फार दुखतं. ते बोलतात आता, हळू. वर थंडी आहे म्हणतात. करमत नाही म्हणतात. मीनलला फोनवर डोक्याचं सांगितलं, तर ओरडली, खिडक्या उघड आत्ताच्या आत्ता. ते नको म्हणाले. नाही उघडल्या.

६ नोव्हेंबर
आज त्यांनी घास घेतला नाही. मीनल कुठंय, विचारलं. शनिवारी येतेय, मी सांगून बसले. मग म्हणाले, तिला राहू दे इथेच. आपल्याबरोबर.
सांगायला नको होतं —

८ नोव्हेंबर
झडप उघडायला गेले. फिरत नाही. आतून धरलीय. बोटं —
फोन उचलवत नाही.

शनिवार
पाय हलत नाहीत. खिडकी समोरच आहे —
ते दाराकडे बघत बसलेत. माझ्याकडे नाही.
बाहेर गाडी थांबली. तिच्याकडे किल्ली आहे.
अहो, मला न्या. मी येते, कुरकुर न करता. पण पोरीला — लेकीच्या बाबतीत तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय? आताही नाहीच ऐकणार. तरी मागते. किल्ली फिरली की फक्त एवढंच करा, दार आतून घट्ट धरा, झडप धरलीत तसं, ती आत —