सुमंगलेच्या आठ बाटल्या

११ जुलै १९८७, कारापूर

पुतणी आली, सुमंगला — सरकारी जीपमधून! पंधरा वर्षं बोटीवर राहून समुद्राच्या तळाची माती तपासली; आता पणजीत पर्यावरण खात्याची मोठी साहेबीण. पण उंबऱ्यातून हाक तीच, "काका, पेज उरलीय?"

विचारलं, प्रयोगशाळा कशाला गो सोडलीस? म्हणाली, "समुद्रात ती लाल माती कुठून येते ते कळलं, काका. थांबवायला मात्र खुर्ची लागते."

आठ रिकाम्या बाटल्या ठेवून गेली. दर शनिवारी आमच्या बावीचं, परसातल्या विहिरीचं, पाणी भरायचं. डोंगरावरच्या खाणीला मातीचा ढीग वाढवायचाय. बाव लाल होते हे कागदावर आलं, तरच सुमंगलेला परवानगी नाकारता येईल.

१८ जुलै

पहिली बाटली. पाणी अगदी दुधाच्या चहासारखं! बायको, आनंदी, म्हणाली, "पोरीला असलं द्याल? शरम नाही?" खरंच की. चौपदरी फडक्यातून गाळून भरलं. फडक्यावर काय सुंदर रंग आला! वाळवून, तारीख घालून या वहीत टाचलं. शिंप्याच्या घरी चिंध्यांना काय तोटा!

१ ऑगस्ट

आजचं फडकं आधीच्या दोन्हींपेक्षा काळपट. का बरं? खाणीवरचा भिकाजी सांगतो, मंगळवारी ढीग ढासळला. म्हणजे चिंधी बोलते तर!

५ सप्टेंबर

आठवी बाटली. जीप येऊन सगळ्या घेऊन गेली.

२९ सप्टेंबर

सुमंगला आली. साखळीच्या बसथांब्यावरून चालत, चेहरा उतरलेला. "काका, पाणी स्वच्छ निघालं. सोमवारी परवानगीवर सही करावी लागेल."

आनंदी खुशीत — "निघणारच! दर खेपेला गाळून दिलं."

पोर ओरडलीच. "गाळून? काकी, मला ती मातीच हवी होती!"

पाऊस सरला. बाव निवळली. आता भरून काय उपयोग? आमच्या मायेनंच पोरीचा घात केला.

३० सप्टेंबर — नवी वही

काल लिहिताना ती मागे येऊन उभी राहिली. "ही फडकी कसली? एकातून किती पाणी गाळलंत?"

"तुझी एकच बाटली."

सकाळच्या पहिल्या बसने जुनी वही घेऊन गेली, फडक्यांवरची माती तोलायला. पानं फाडू देईना — "तारखांसकट हवी, काका!"

त्याच वहीत आनंदीच्या आमटीला नावं ठेवलीत, तीही आता अख्खं खातं वाचणार.