भट्टीवाल्यांच्या गोळ्या

दि. ४ मार्च

चि. लंबूस अनेक आशीर्वाद.

सांगणारी मी, लिहिणारी तुझी धाकटी बहीण. चुका तिच्या, शहाणपण माझं.

गोळ्यांचा डबा पोचला. बॅटरीच्या कारखान्यात शिसं वितळवणाऱ्यांना या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात, मी धडधाकट आहे, तूच घे, असं तू कळवलंस. रोज दोन घेते. गुडघे होते तिथेच आहेत. पण डोक्यात गोंधळ झालाय. औषध शिशावरचं असेल, तर मी शिसं कधी हुंगलं? आणि ताकदीचं असेल, तर तुमच्या हापिसातल्या कारकुनाला का देत नाहीत? तो काय पैलवान आहे? नीट उलगडून सांग. लोभ वाढव, उंची पुरे झाली.

तुझी आजी

दि. १५ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न कारखान्याच्या डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, शिशाने शरीराची जी झीज होते, ती या गोळ्यांनी थोडी कमी होत असावी. पण शिसं आत जाणं त्या थांबवत नाहीत, त्याला मास्कच हवा. मुकादम म्हणतो, गोळी घेतली की मास्क नसला तरी चालतं. भट्टीपाशी मास्कमध्ये जीव गुदमरतो, म्हणून माझाही खिशातच असतो.

रक्त तपासलं. मी गोळ्या घेत नाही, माझं शिसं वाढलं. भट्टीवरचा जोडीदार नेमाने घेतो, त्याचंही वाढलं. आता मलाही काही कळेना. पण मी ठणठणीत आहे. धाकटीला आशीर्वाद. तुझी माया असू दे.

तुझा लंबू

दि. २३ मार्च

चि. लंबूस आशीर्वाद.

तू ठणठणीत आहेस, हे धाकटीने दोनदा वाचून दाखवलं. मग मी पेटीतून तुझी जुनी पत्रं काढली आणि चष्मा लावून बसले. धाकटी हसायला लागली, म्हणाली, आजी, उलटं धरलंयस. असू दे. अक्षरं मला कळत नाहीत, पण चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत. टाका कुठे हलला, ते कळतं. गेल्या वर्षी तुझ्या ओळी धावदोऱ्यासारख्या सरळ होत्या. या खेपेला उभी रेघ न् रेघ थरथरतेय. धाकटी म्हणाली, गाडीत बसून लिहिलं असेल. मग तिनेही जुनं आणि नवं पत्र शेजारी ठेवून पाहिलं.

डबा परत पाठवतेय. घे. उपयोग किती, ते डॉक्टरच नक्की सांगेनात, तर मी काय सांगू? माझा गोंधळ आहे तसाच आहे. एवढंच उमगलं, की कारकुनाला गोळ्या नाहीत, कारण तो भट्टीपासून लांब बसतो. तेव्हा तूही लांब हो. डॉक्टरांना हात दाखव, त्यांची चिठ्ठी घे आणि माल भरायच्या खात्यात बदली माग. मुकादमाने खळखळ केली तर सांग, "आजी येऊन उभी राहील." तोवर मास्क तोंडावर, खिशात नाही.

माया आहेच, ती मागावी लागत नाही. पुढच्या पत्रात ठणठणीत वगैरे काही लिहू नकोस. पट्टी न घेता पानभर सरळ रेघा मारून पाठव. त्या मला वाचता येतात.

तुझी आजी
(अंगठा माझाच आहे)