हाडाची की मातीची

माय, गावचा गोठा पाडायला काढला, म्हणून तुझी ती फुलदाणी काल मी वाशीमला आणली. पांढऱ्यावर निळी वेल, बारीक गळा, आणि बुडाला ना नाव ना शिक्का. कुण्या साहेबाची बदली झाली, त्याच्या सामानाच्या लिलावातून दादांनी ती तुझ्यासाठी आणली होती. तू ती दोन्ही हातांनी घेतलीस, तोच आतून आजीचा आवाज आला, "हाडाचं भांडं हाये ते! हाडं दळून करतात. घरात आनशीन त मी पान्याले शिवत नाई." दादा आपल्या आईला म्हणाले, "माती हाये, बाई. चिनी माती." आजी म्हणाली, "तू गेल्ता काय माती कालवाले?" फुलदाणी गोठ्याच्या कोनाड्यात गेली.

अजून डोळ्यांपुढे येतं: तू पहाटे शेण काढतेस, हात धुतेस आणि कोनाड्याशी थांबतेस. पदरानं ती पुसतेस, वेलीवरून बोट फिरवतेस. मग आंघोळ, आणि आंघोळ झाली की दिवसभर तिकडे फिरकायचं नाही, कारण चूल तुझ्या हाती. एका दसऱ्याला तू तिच्यात झेंडू ठेवलास, तर आजी उपाशी राहिली. पुढे आजी गेली, तरी तू ती आत आणली नाहीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "त्या नाईत म्हनून आता त्याइचं घर बाटवू काय?"

मी मात्र त्याच मालावर मोठा झालो. डोक्यावर टोपली घेऊन रिसोडच्या बाजारात कपबशा विकल्या, आता वाशीमला दुकान आहे. टिचकी मारली की तडकलेला कप मला बाजाराच्या गलक्यातही ऐकू येतो. त्याच भरवशावर काल हाड की माती ते ओळखायला फुलदाणी कानाशी धरून बसलो, तर ज्यांच्या हाताखाली धंदा शिकलो ते म्हातारे चाचा हसायला लागले. "अरे बेटा, कान कायले लावून राह्यला? कानाले फूट समजते, माल नाई समजत. उन्हात धर." हाडाच्या भांड्याचा पांढरा रंग सायीसारखा पिवळट असतो म्हणे, हिचा निळसर निघाला. बुडाची झिलई नसलेली उघडी कड त्यांनी अंगठ्यानं चाचपली. "साफ माती हाये. चीनकडची, जुनी. शिक्का नाई त नाई, कोनं केली ते अल्लाले मालूम. पन हाड नाई."

घरी येऊन तुझ्या सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मंग इतके दिवस गोठ्यात काहून ठेवली? आना आत," आणि कणीक मळत राहिली. बस, एवढंच. मी पायरीवरच बसून राहिलो. एवढ्याशा बोलण्याचं काम होतं, माय, आणि तुझी सारी हयात त्या कोनाड्याशी चोरून उभं राहण्यात गेली.

तुला वाचता येत नव्हतं, आणि हे पत्र टाकावं अशी पेटीही कुठे नाही. तरी लिहून ठेवतो. हाडाच्या भीतीनं कपबशी घ्यायला कचरणाऱ्या बायांना मी छातीवर हात ठेवून सांगायचो, "शुद्ध माती हाये, बाई, माह्या मायची आन." तेव्हा मला हाड कोणतं नि माती कोणती, काही म्हणता काही कळत नव्हतं. तुझी शपथ घेऊन मी किती चुलींपर्यंत कपबशा पोचवल्या. तुला मात्र ते खोटंसुद्धा कधी सांगितलं नाही.