नतालीची रागावलेली गिऱ्हाइकं

कॅसाब्लांका,
२२ एप्रिल २००७

ती. झहूर आत्यांस,
तुमच्या हाताचं चुंबन घेऊन बुश्राचा सलाम. वि. वि.

खारवलेल्या लिंबांची बरणी बसच्या ड्रायव्हरने न फोडता पोचवली. तुम्ही तीस वर्षं सेफ्रूच्या टपाल कचेरीत टेलिफोन जोडून द्यायच्या फळीवर काढलीत आणि निवृत्त झाल्यावर घरात फोनच येऊ दिला नाहीत. त्यामुळे आमच्या ऑफिसात महिन्याला दोन टपाल तिकिटं विकत घेणारी मी एकटीच. पोरं हसतात. हसू देत.

तुमच्या नातीची बातमी आधी सांगते. नुहैलाचा फोटो सलग तिसऱ्या महिन्यात भिंतीवर लागला. तुमच्या शब्दावर मी तिला आमच्या कॉल सेंटरात लावून घेतलं, घरीही ठेवून घेतलं, तेव्हा मनातून धाकधूक होती. आता उलटंच झालंय. फ्रान्समधल्या कुणाचं इंटरनेट बंद पडलं की फोन आमच्या मजल्यावर वाजतो आणि आपली नुहैला 'नताली' होऊन बोलते. बोलणं संपल्यावर गिऱ्हाइकाने एक ते दहापैकी आकडा दाबायचा असतो. तिची सरासरी नऊच्या वर आहे. तिच्या जोरावर माझा गट सहा गटांत पहिला आहे. आमचे संचालक सी तौफिक ('सी' हा मान लावला नाही तर चिडतात) यांनी परवा सूचक हसून सांगितलं, की सगळ्या मजल्याची मुख्य नेमायची वेळ जवळ आली आहे.

आता दुसरी बाजू. नवा नियम निघालाय. मे अखेर प्रत्येक गटातल्या सर्वांत कमी गुणांच्या माणसाला घरी पाठवायचं. माझ्या गटात ते सी मौलूद आहेत. वय एक्कावन्न. पूर्वी एका खासगी शाळेत फ्रेंच शिकवायचे, शाळा बंद पडली. दोन मुली कॉलेजात. फोनवर त्यांचं नाव मिशेल, आणि गुण पाच. माणूस सज्जन, भाषा आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध, तरी गिऱ्हाइकं नाराज. मी त्यांना दोनदा समजावलं, नुहैलाची रेकॉर्डिंग्ज ऐकायला लावली. ते निमूट ऐकतात आणि माझ्यासाठी पुदिन्याचा चहा आणतात. तो चहा मी टेबलावरच निवू देते.

दुवा करा. तुमची माया आहे तोवर मला धीर आहे.
तुमची
बुश्रा


सेफ्रू,
२९ एप्रिल

चि. बुश्रास,
झहूर आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नुहैलाच्या फोटोची हकीकत तिच्या आईला वाचून दाखवली. ती आनंदाने रडली आणि लगेच शेजारणीला सांगायला धावली. मीही खूश झाले. चेरीची झाडं यंदा चांगली धरली आहेत, त्यात हा आनंद.

पण दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. बंद पडलेल्या वस्तूसाठी जो फोन करतो तो रागावलेलाच असतो. आमच्या फळीवर आम्ही सहाजणी होतो, प्रत्येकीला रोज तीनचार तरी खेकसणारे मिळायचे. मग तुझ्या नतालीला नऊ महिन्यांत नाराज माणूस भेटतच नाही का? राग काही हवेत विरत नाही, बाई. तो कुणाच्या तरी कानात जाऊन थांबतो.

आमच्यात रुकय्या म्हणून एक होती. तिची एकही तक्रार नव्हती. साहेब म्हणायचे, मधाळ आवाज. भांडकुदळ माणूस बोलायला लागला की ती त्याची तार हळूच माझ्या फळीत खोचायची, हे मला वर्षभराने कळलं. मी बोलले नाही. माझी बढती गेली ती गेलीच.

माझी नात तशी आहे असं मी म्हणत नाही. तिच्या शेजारी कोण बसतं, एवढंच बघ. आणि मला कळव. जे असेल ते कळव.

जपून राहा. जीव लावतेस तशीच लावत राहा.
तुझी
आत्या


कॅसाब्लांका,
६ मे

ती. झहूर आत्यांस,
बुश्राचा सलाम. वि. वि.

तिच्या शेजारी सी मौलूद बसतात.

तुमचं पत्र वाचून आधी मला राग आला, खरं सांगते. मग मी कॉम्प्युटरवरून कुणी कुणाकडे फोन वळवले त्याची नोंद काढली. तीन महिन्यांत नतालीकडून मिशेलकडे तीनशे बेचाळीस फोन वळवलेले. गुण पडतात ते फोन शेवटी ठेवणाऱ्याच्या नावावर. मी दोन दिवस बसून ऐकलं. माणसाचा आवाज चढला, की आपली नुहैला गोड आवाजात सांगते, की थांबा, आमच्या वरिष्ठांना देते. ते वरिष्ठ म्हणजे सी मौलूद. पुढची वीस मिनिटं ते बोलणी खातात, बहुतेकदा काम करूनही देतात, आणि गिऱ्हाईक शेवटी रागाने तीन दाबतं. आणि मी या माणसाला नुहैलाचं ऐकून शिका म्हणाले.

त्यांना एकटं गाठून विचारलं, की तुम्ही तोंड का नाही उघडलंत. त्यांनी आधी हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाले, की ही कल्पना माझीच होती. नुहैलाच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला इतकं घाणेरडं बोललं, की तिला पुढचा फोन घेता येईना. तेव्हा यांनीच तिला सांगितलं, की पुन्हा असा कुणी आला तर माझ्याकडे ढकल. माझ्या मुलीच्या वयाची आहे, म्हणाले. पुढे ती थांबलीच नाही आणि यांना थांबवता आलं नाही.

सी तौफिकांकडे आकडे घेऊन गेले. त्यांनी कागद उलटा ठेवला. सोळा तारखेला पॅरिसहून कंपनीच्या बाई पाहणीला येणार आहेत, भिंतीवर नतालीचा फोटो आहे, तेव्हा आत्ता काही हलवू नकोस, असं म्हणाले. मौलूदांचं नाव लिही आणि विषय संपव.

आत्या, माझ्या गटापुरतं फोन वळवायचं बटण बंद करणं माझ्या हातात आहे. उद्या सकाळी ते बंद करणार आहे. नुहैलाला आज जेवताना सांगितलं. ती ताट सारून उठली.

दुवेत मला विसरू नका.
तुमची
बुश्रा


कॅसाब्लांका,
१३ मे

प्रिय आजीस,
नुहैलाचा सलाम.

बुश्रा मावशीने सांगितलं, की प्रश्न तू विचारलास. तू का विचारलास, आजी? नात मी आहे, मौलूद तुझे कोण?

आठवडा कसा गेला ते ऐक. सोमवारी पहिल्या तासात दोघांनी मला मूर्ख म्हटलं. एका बाईने विचारलं, की तू खरंच नताली आहेस का, तुझा 'र' अरबी वाटतो. मंगळवारी मी एकाचा फोन कापला. बुधवारी माझ्या बोटांनी सवयीने ते बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. तो माणूस ओरडतच राहिला. समोर मावशी उभी होती. तिने पाहिलं आणि पुढे गेली. माझे गुण चारवर आलेत. मौलूदांचे आठ.

घरी आम्ही बोलत नाही. शुक्रवारी तिने कुसकुस केला. मी पोट दुखतं म्हणून पडून राहिले.

पण तुझ्याशी खोटं नाही बोलणार. नवा नियम आला तेव्हा कोण जाणार ते मला माहीत होतं. का जाणार तेही माहीत होतं. मी रोज सकाळी ठरवायचे, की आज मावशीला सांगते. मग भिंतीवरचा फोटो दिसायचा. आईने गावभर सांगितलं होतं. मौलूद रोज मला विचारायचे, की पोरी, आज बरी आहेस ना. ते असं विचारायचे आणि मी अजून एक फोन त्यांच्याकडे पाठवायचे.

आईला हे वाचून दाखवू नकोस. आणि माझ्यावर फार दिवस रागावू नकोस.
नुहैला


कॅसाब्लांका,
२० मे

ती. झहूर आत्यांस,
बुश्राचा सलाम. वि. वि.

पॅरिसच्या बाई येऊन गेल्या. ज्या गटाचं कौतुक दाखवायचं तोच पहिल्यावरून चौथ्यावर घसरलेला. सी तौफिक त्यांच्यासमोर हसत होते आणि लिफ्टचं दार बंद झाल्यावर माझ्याकडे वळले. काय बोलले ते लिहीत नाही.

नंतर शांतपणे म्हणाले, की ठीक आहे, तुला खरे आकडे हवे होते ना, मिळाले. आता खऱ्या आकड्यांनी नाव लिही. कोरा कागद त्यांनी माझ्या हातात दिलाय. एकतीस तारखेपर्यंत भरून द्यायचा. जुने गुण धरले तर मौलूद जातात. नवे धरले तर सर्वांत खाली नुहैला. निवड मीच करायची. त्यात त्यांना मजा वाटत असावी.

सी मौलूद काल जवळ येऊन म्हणाले, की माझंच लिहा, मला राहूनही किती वर्षं राहायचंय. त्यांच्या थोरलीची शेवटची परीक्षा जूनमध्ये आहे, हे मला माहीत आहे.

आणि नुहैला माझ्या घरात, माझ्या भिंतीपलीकडे झोपते. तिचं नाव लिहिलं तर तिच्या आईला मी कोणत्या तोंडाने भेटू? तुम्हाला कोणत्या? नाही लिहिलं तर ती घरची म्हणून वाचवली, हे सगळा मजला म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. प्रश्न तुम्ही विचारलात, आता वाटही तुम्हीच दाखवा. हे चिडून लिहिलंय. माफ करा, पण खोडत नाही.

उत्तर बसवाल्याकडे द्या, टपालाची वाट बघू नका.
तुमची
बुश्रा


सेफ्रू,
२४ मे

चि. बुश्रास,
आत्याचे आशीर्वाद.

मला तोंड कसं दाखवायचं याची काळजी करू नकोस. नुहैला चुकली, आणि नुसती चुकली नाही, एक माणूस बुडताना बघत बसली. तिने मला तसं लिहिलंय. नाव लिहायचंच असेल तर माझ्या भीतीने खोटं लिहू नकोस. तिच्या आईला मी बघून घेईन.

पण लिहिण्याआधी एक सांगते. फळीवर नवी मुलगी आली की आम्ही तिच्या शेजारी महिनाभर जुनी बाई बसवत असू. ओरडणाऱ्याशी कसं बोलायचं ते कानाने शिकावं लागतं. नुहैलाला ते कुणी शिकवलं? तुमच्यात दहा महिने राहूनही त्या कामात ती दोन आठवड्यांची आहे. तू तिचा फोटो लावलास, पण तिच्या शेजारी बसलीस का? मौलूदांचे गुण पाच बघितलेस, पण त्यांचा एक तरी फोन शेवटपर्यंत ऐकला होतास का? मोठे आकडे आवडतात, बाई. आमच्या साहेबांनाही आवडायचे. त्या कागदावर सही तुझी असेल, तर आधी तुझी चूक त्यात यायला हवी.

कडक लिहिलं. मला तू लेकीसारखी, म्हणून लिहिलं. मग काय करशील ते कर, मी तुझ्या बाजूने आहे.
तुझी
आत्या


कॅसाब्लांका,
१ जुलै

प्रिय आजीस,
नुहैलाचा सलाम.

मावशीने तुला सगळं कळवलं नसेल, म्हणून मी लिहिते.

तिने कागदावर कुणाचंच नाव लिहिलं नाही. त्या जागी लिहिलं, की या गटाचे मे महिन्यापर्यंतचे गुण खोटे आहेत, दहा महिने मीच त्यांवर न तपासता सही केली, म्हणून या गुणांवर कुणाला काढता येणार नाही. एक महिना द्या, नुहैलाला शिकवते. कागद द्यायला जाताना तिने मला आणि मौलूदांना बरोबर नेलं. सी तौफिकांनी वाचला. म्हणाले, की महिना दिला, पण गट दिला नाही. त्याच दुपारी आमचा गट दुसऱ्या प्रमुखाकडे गेला आणि मावशी सात वर्षांनी पुन्हा हेडफोन लावून फोनवर बसली. मुख्य होणं तर दूरच. तिचं फोनवरचं नाव आता बेआत्रिस. माझा फोटो मीच भिंतीवरून काढला.

महिनाभर मौलूद दुसरा हेडफोन लावून माझ्या शेजारी बसले. त्यांनी एकच गोष्ट शिकवली. माणूस ओरडत असताना काहीही समजावायचं नाही, फक्त त्याने सांगितलेलं लिहून घ्यायचं. तो दमला की त्याला त्याचंच वाचून दाखवायचं.

मी मावशीशी बोलत नव्हते. ती मागत नसतानाही मी तिची भांडी घासून ठेवायचे, एवढंच.

परवा लिमोझहून एका माणसाचा फोन आला. घरी आजारी आई आणि अकरा दिवस लाईन बंद. त्याने मला जे म्हणायचं ते सगळं म्हटलं. मौलूदांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, म्हणजे मी एकटीच. मी लिहीत गेले. पान भरलं. मग वाचून दाखवलं, आईचं नावसुद्धा. त्याने पत्ता नीट सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस पाठवायचं मी पक्कं करून घेतलं. सव्वीस मिनिटं लागली. फोन ठेवताना तो धन्यवाद म्हणाला नाही.

समोरच्या टेबलावरून मावशी बघत होती. तिच्याही कानात कुणीतरी बोलत होतं, म्हणून तिने नुसती भुवई उंचावून विचारलं, किती. मी चार बोटं दाखवली. चार, आजी. दहापैकी. तिने स्वतःच्या फोनवर हात ठेवला आणि हसायला लागली, आणि मग मीही.

मौलूदांच्या थोरलीला उत्तम गुण मिळाले. त्यांनी सगळ्या मजल्याला खजूर वाटले. आत्ता तरी आम्ही दोघंही टिकलो आहोत; सप्टेंबरात पुन्हा काढायच्या माणसांची यादी लागणार आहे, तेव्हा कोण राहील माहीत नाही. आईला आता वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझी, आणि तू ठेवून घेतलीस तर अजूनही लाडकी,
नुहैला