काळ्या चौकटीतलं इन्शाअल्लाह

३ नोव्हेंबर

…मी मसूर निवडत होते, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत होतं, आणि मुन्झिर लॅपटॉपपुढे बसून स्वतःशीच पुटपुटत होता. म्हटलं, "नळ गळतोय." म्हणाला, "इन्शाअल्लाह." मी मुकाट्याने प्लंबरला फोन केला. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं कळलं होतं. त्याचं इन्शाअल्लाह म्हणजे — होणार नाही, पण तोंडावर कसं सांगू!

साधी सकाळ. आज का आठवली? रुबामुळे.

रुबा माझ्या बहिणीची मुलगी. मुन्झिर गेल्यापासून त्याची औषधांची साइट तीच बघते. आमच्या सैदा शहरात औषध मिळत नाही. ज्याला हवं त्याने तिथे लिहायचं, मागणी गावोगावच्या औषधवाल्यांकडे जाते. लोकांचे फोन येतात — "अडकलंय!" काय अडकलंय, ते कोणाला सांगता येत नाही. प्रोग्रॅम आतल्या आत काय करतोय ते ब्राउझरच्या कन्सोलमध्ये उमटतं, आणि मोबाइलवर कन्सोल उघडत नाही. म्हणून तिने पानाच्या तळाशी एक काळी चौकट केलीय. कन्सोलमधल्या ओळी आता तिथे सगळ्यांनाच दिसतात. लोक फोनवर वाचून दाखवतात, ती दुरुस्त करते.

"मावशी, ओळी सगळ्या काकांच्याच आहेत," म्हणाली. "मी एक अक्षर बदललं नाही."

४ नोव्हेंबर

वाचल्या. मी वाचायला शिकले ती औषधांच्या खोक्यांवरून, लग्नानंतर, एकटीच. अजून सावकाशच वाचते.

"ऊठ रे आळशा, सर्व्हर!"

"थांब बाबा, शोधतोय."

"सापडलं! सापडलं!"

त्याचाच आवाज. चहा तसाच राहिला.

७ नोव्हेंबर

बेकरीवाला मला म्हणाला, "उम्म वाइल, तुमचे यजमान गेले तरी बडबड काही थांबत नाही!" हसले. नंतर घरी येऊन रडले. तरी बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरचे अबू मारूफ इस्पितळात. साखर फार चढली. शुद्ध नाही.

१६ नोव्हेंबर

गेले.

१७ नोव्हेंबर

खाली त्यांच्याकडे दुखवट्याला बसायला गेले. कडू कॉफी फिरत होती. त्यांची मुलगी सौसन माझा हात सोडेना.

"खाला, इन्सुलिन संपलं होतं. भाऊ बैरूतहून घेऊन येणार होता. बाबा म्हणाले, नको, पेट्रोल कशाला जाळतोस? मुन्झिरच्या साइटवर आलंय — 'इन्शाअल्लाह, उद्या.' रोज मला फोन दाखवायचे. बघ, उद्या म्हणतोय. मुन्झिर शब्दाचा पक्का माणूस!"

बायका म्हणाल्या, अल्लाह त्याच्यावर रहम करो, मेल्यावरही लोकांच्या उपयोगी पडतोय.

माझ्या हातातली कॉफी सांडली. सौसनने पुसली. तिने!

तशीच रुबाकडे गेले. विचारलं, ती ओळ कधी उमटते?

तिचा चेहरा उतरला. "औषधवाल्यांकडून उत्तरच आलं नाही की. काकांनी ती स्वतःपुरती लिहिली होती, मावशी. बाहेर कोणी वाचेल असं त्यांच्या मनातही नसेल. चौकट मी लावली." मग हळूच — "आज काढून टाकते. कोणाला कळायचं नाही. काकांच्या नावाला धक्का लागणार नाही."

चौकट गेली की तो पुन्हा आत गेला, गप्प. आणि राहिली तर? शहरात अजून कोण कोण फोन हातात धरून 'उद्या'ची वाट बघत असेल.

लिहायचं तर खरं लिहावं — क्षणभर वाटलं, रुबा म्हणते तसंच होऊ दे. चार बायका त्याला दुवा देतात. माझ्याकडे त्याचं दुसरं काय उरलंय?

म्हटलं, "चौकट राहू दे. त्याच्या ओळी काढ."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि त्या जागी लिही — उत्तर आलेलं नाही. थांबू नका, दुसरीकडे बघा."

ती रडत टाइप करत होती. मी एकेक वाचून दाखवत होते. 'सापडलं'च्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. तिने माझ्याकडे न बघताच पुसली.

१८ नोव्हेंबर

सकाळी खाली गेले आणि सौसनला सांगितलं, औषध कुठूनच निघालेलं नव्हतं.