पातं उडालं नव्हतं

कुंभार पिंपळगाव,
शनिवार

प्रिय सखाराम,

तुला वाचता येत नव्हतं, हे मी विसरलेलो नाही. सही तेवढी करायचास, तीही अशी दाबून, की ऐरणीवर खिळा ठोकतो आहेस असं वाटावं. चाळीस वर्षांच्या मैत्रीत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो आहे, कारण सोमवारी जालन्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. ज्याचा जीव गेला त्याला सोडून साऱ्यांचं मला सांगून झालं आहे, की मी काय बोलावं. मग म्हटलं, एकदा तुलाही विचारावं!

आठ महिने झाले. आठ महिने मी तुझी माफी मागतो आहे, आणि मागतो आहे ती भलत्याच गोष्टीची. लिंबाची.

तुमच्या घराण्याची रीत साऱ्या गावाला ठाऊक होती. नवं पातं चाकावरून उतरलं, की गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी तू त्यानं एक लिंबू कापायचास. सुरी असो, कोयता असो, आधी लिंबू. "लोखंड तहानलेलं जन्मतं, मास्तर. पयलं पानी आपुन पाजायचं. न्हाई तं ते सोताच हुडकत फिरतं." मी हसायचो. संस्कृत शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या अंधश्रद्धेवर हसायचा हक्क असतो, स्वतःच्या तेवढ्या त्याला शास्त्र वाटतात.

त्या दिवशी बाजार होता. गयावहिनी विळे विकायला बाजारात बसल्या होत्या, म्हणून चाकाचा पट्टा ओढायला मी आलो. शाळा सुटून उन्हातनं आलेलो, घसा सुकलेला. तुझ्या कोनाड्यात एकच लिंबू होतं. ते मी कापलं, साखरपाण्यात पिळलं आणि पिऊन टाकलं! तू भात्यापाशी होतास. मागं वळून म्हणालास, "आरारा! लोखंडाचं पानी तुमीच पेले की."

"त्याला सांग, ब्राह्मणाला दान केलंस. पुण्य लागेल."

"पुन्य लागून धार न्हाई येत, मास्तर." आणि तू खो खो हसलास. ते हसू मी शेवटचं ऐकतो आहे, हे कळतं का कुणाला?

तासाभरानं तू चाकाच्या खांबाशी पडला होतास. मान उघडी.

गावानं निकाल लावला, पातं तहानलेलं होतं आणि लिंबू मास्तरानं प्यालं. किती सोयीचा निकाल बघ! लोखंड गुन्हेगार ठरलं की माणसाला गुन्हेगार ठरवायची कटकट उरत नाही. मलाही तो सोयीचा वाटला. तुझ्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मी अकरा लिंबं आणली आणि तुझ्या ऐरणीवर ओळीनं मांडली. गयावहिनी बघत होत्या. त्यांनी एकेक लिंबू उचललं आणि बाहेर रस्त्यावर भिरकावलं. शेवटचं माझ्या छातीवर बसलं.

"लिंबानं मारलं का माझ्या मालकाला, गुर्जी?"

मी पायांत चपला घातल्या आणि घरी आलो.

त्या चाकाचं खूळ मला कसं लागलं, आठवतं? गयावहिनींचं मनगट मोडलं तेव्हा तू एकटा. लाखेत कुरुंदाच्या दगडाची पूड घोटून केलेलं ते काळं चाक, त्याच्या दांड्याला गुंडाळलेला चामड्याचा पट्टा. एकानं पट्टा ओढायचा, एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या, आणि दुसऱ्यानं पातं टेकवायचं. मी म्हटलं, मी ओढतो. पोरं कुडाच्या फटीतून बघायला यायची, शब्दरूपं पाठ करून घेणारे गुरुजी घामानं निथळताना! वहिनींचं मनगट दोन महिन्यांत जुळलं. मी मात्र बाजारच्या दिवशी येतच राहिलो.

मला वाटायचं सुरी करणं म्हणजे ठोकणं. तू म्हणालास, ठोकणं सोपं, ते रागावलेला कुणीही करतो. ट्रकच्या कमानीचा पाटा तू लाल करून असा बडवायचास, की त्याच्याशी तुझं सात पिढ्यांचं वैर आहे. पण खरी मारामारी चाकावर. पातं टेकलं की जी किंकाळी उठायची ती कानातून नव्हे, दातांतून आत शिरायची. ठिणग्या तुझ्या दंडावर पडायच्या, केस जळल्याचा वास यायचा, तू हलायचा नाहीस. वरच्या मडक्यातून पाण्याची धार चालू ठेवायची, कारण पातं तापून निळं पडलं की त्याला दिलेलं पाणी गेलं, सुरी मेली. एकदा पातं अडकलं आणि तुझा तळवा असा फाटला की आतलं पांढरं दिसलं. हळद दाबलीस, फडकं आवळलंस आणि मलाच ओरडलास, "थांबले कामून? ओढा!" आणि एकदा मी पट्टा ढिला सोडला, तर हातोडा फेकून मारलास. कानाला वारा लागला माझ्या. त्याबद्दल तू कधी दिलगिरी व्यक्त केली नाहीस, सखाराम. हे नोंदवून ठेवतो.

बाळूची सुरी तूच घडवलीस, पण ती तुझ्या गळ्यात मी मारली.

बाळू म्हणजे माझ्या बहिणीचा, सुशीचा, एकुलता एक. सव्वीस वर्षांचा घोडा. सुशी विधवा, म्हणून मी त्याला वाढवला. त्याला रामरक्षा शिकवली, राग गिळायला नाही शिकवलं. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं, रंगाचं, वाजलेलं होतं. यानं रंगाच्या इंजिनचा पट्टा कापला, त्यानं याच्या डोक्यात फावडं घातलं. टाके घालताना मी बाळूचं डोकं धरून बसलो होतो. तेव्हा तो दातओठ खात म्हणाला, "मामा, रंग्याचं आतडं त्याच विहिरीत सोडतो का न्हाई बघा." मी म्हटलं, हूं. रागात माणसं बोलतात. मी रोज वर्गात मुलांना सोलून काढायची भाषा करतो, अजून एकही सोललेला नाही.

मग त्यानं तुझ्याकडे सुरी सांगितली. मोसंबीच्या डहाळ्या छाटायला.

तू मापाची काडी बघून विचारलंस, "डहाळ्याला येवढं लांब पातं? आन दोन्हीकून धार? टोकदार?"

बाळूनं माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "करून दे रे. माझा भाचा आहे. मी सांगतो ना!"

मी सांगतो ना. हे तीन शब्द मी कुठं ठेवू, सखाराम?

त्या दिवशी बाळू सुरी न्यायला आला तेव्हा एक धार झाली होती. तू ती तेलाच्या दगडावर उतरवलीस, चामड्यावर फिरवलीस, अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितलीस. घसरली नाही, नखात रुतली. "झाली," म्हणालास.

"आन दुसरी बाजू?" बाळू.

"डहाळीला येकच पुरते."

"ठरलं काय होतं? मामा, सांगा याला!"

मी पट्टा हातात धरला. तू म्हणालास, "ओढा, मास्तर," आणि मी बैलासारखा ओढू लागलो. मला वाटलं, दुसरी धार काढतो आहेस. तू पाण्याचं मडकं बाजूला सारलंस आणि सुरीचं टोक सरळ चाकात खुपसलंस. असला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. डुक्कर मारताना ओरडतं तसा. ठिणग्यांनी माझ्या धोतराला भोकं पडली. टोक लाल झालं, निळं पडलं, झिजलं, जिभेसारखं गोल झालं. तीन दिवसांची मेहनत तू आपल्या हातानं ठार केलीस आणि मूठ पुढं करून सुरी त्याच्या हातात दिलीस.

"घ्या बाळासाहेब. आता हिनं डहाळ्या छाटा, पेरू कापा. आतडं न्हाई निघायचं हिनं."

म्हणजे तूही कुठूनतरी ऐकलं होतंस! मी ऐकलं आणि हूं म्हटलं. तू ऐकलंस आणि टोक मोडलंस. आपल्या दोघांत शिकलेला कोण, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण एक विचारू? ती सुरी त्याच्या हातात द्यायलाच हवी होती का? भट्टीत टाकता आली नसती? एवढं कळलं तुला, आणि एवढंच कसं कळलं नाही?

भोसकता येत नव्हतं, म्हणून त्यानं हाणली. पहिला घाव तू हातावर घेतलास, हाडापर्यंत. दुसरा कानाखाली. आणि मी अजून पट्टा ओढत होतो! हात थांबायचं विसरले होते. चाक फिरत होतं, तुझं रक्त त्याच्यावर उडत होतं आणि चाक ते माझ्या तोंडावर फेकत होतं. तू चाकाचा खांब धरून खाली बसलास आणि म्हणालास, "बास, मास्तर." धार पुरी झाली की म्हणायचास, तस्संच.

बाळूनं सुरी पाण्याच्या डोणीत टाकली. "मामा, पातं उडालं," तो म्हणाला. "चाकावरून उडालं. बराबर?"

संध्याकाळी फौजदार आले. मी सांगितलं, डोळ्यांत ठिणगी गेली होती, काही दिसलं नाही. चाळीस वर्षांत मी तुझ्यासाठी केलेली एकमेव गोष्ट ती.

गयावहिनी हटल्या नाहीत. एकट्या तालुक्याला गेल्या, एकट्या जालन्याला गेल्या, म्हणून बाळू आज आत आहे. त्याच्या वकिलाचं म्हणणं असं, की चाकाच्या वेगानं पातं सुटलं, तुझ्या हाताला लागून उसळलं आणि मानेत बसलं. म्हणजे माझ्या दंडांच्या बळानं! या पिपाणीसारख्या दंडांची एवढी तारीफ जन्मात कुणी केली नव्हती. जोर करून ओढलं तरी त्या चाकावरचं पातं फार तर आपल्याच पायावर पडेल. वकिलाला हे ठाऊक आहे. म्हणून त्याला माझ्या तोंडून एकच वाक्य हवं आहे, की उडताना मी पाहिलं.

आज सकाळी सुशी आली. चूल पेटवली नव्हती, तिनंच पेटवली. चहा ठेवला. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "दादा, येवढं एक म्हण. मी जल्मात काही मागितलं न्हाई तुला."

मी नाही म्हणालो.

तिनं थोबाडीत मारली, सखाराम. एक, मग दुसरी. धाकट्या बहिणीच्या हातात इतका जोर असतो हे मला माहीत नव्हतं. चहाचं पातेलं लाथेनं उडवलं. "तूच मारलं त्याला! तूच वाढवला, तूच सुरी करून देयाला लावली, आन आता माझं पोरगं फासावर देतो?" सगळं खरं होतं. तिनं माझा सदरा धरून मला भिंतीवर आपटलं. मग दमली आणि तिथंच खाली बसली. चहा जमिनीत मुरत होता.

मग हळूच म्हणाली, "सखादादा लगेच गेला का रे?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. फौजदारानंसुद्धा नाही.

"नाही," मी म्हणालो. "पाव घंटा होता. डोळे उघडे होते."

"आन बाळू काय करून राह्यला व्हता तवा?"

मी सांगितलं. तो माझ्याकडून वाक्य पाठ करून घेत होता. माझ्यासमोर उकिडवा बसून, माझे दोन्ही खांदे धरून. म्हणा मामा, पातं उडालं. पुन्हा म्हणा. बाजार हाकेच्या अंतरावर होता, गयावहिनी तिथं होत्या, दवाखान्याचा कंपाउंडर तिथं होता. मी हाक मारली नाही. मी ते वाक्य म्हणत होतो. तू ऐकत होतास.

सुशी उठली. पदर सावरला. दारातून मागं न बघता विचारलं, "सोमवारची गाडी किती वाजता हाय?"

"सातला."

"मी येईन. त्याला बघायला. तुझ्याशी बोलनार न्हाई."

तेव्हा असं आहे, सखाराम. सोमवारी सातच्या गाडीत पुढच्या बाकावर गयावहिनी असतील, मागच्या बाकावर सुशी आणि मधे कुठंतरी मी, दोघींच्याही नजरेला पाठ देऊन. मी तुला वचन देतो की मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगेन, बाळूनं हाणली, दोनदा, आणि मी तीन हातांवर होतो. वकील तेवढ्यावर बसायला सांगेल. मी बसणार नाही. त्यानं विचारलं नाही तरी पाव घंट्याचंही सांगेन, न्यायाधीशांकडे बघून नाही, गयावहिनींकडे बघून.

त्यानंतर त्या माझ्यावर जे काही फेकतील, ते मी चुकवणार नाही.

तुझा,
अनंता मास्तर